उजेडाची पाटी

आमच्या चुलतसासऱ्यांनी आजवर दात बघितल्याशिवाय एकही वस्तू घरात आणलेली नाही. मग ती वस्तू बैल असो, पंखा असो, नाहीतर जावई असो. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी मला बघायला धाराशिवला आमच्या घरी आली. बाकीच्यांनी रीतीप्रमाणं नोकरी, शेती, भाऊबहिणी विचारल्या. हे मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोळे बारीक करून गप्प बसलेले. चहा झाल्यावर म्हणाले, "पाव्हणं, जरा हसून दावा." मी हसलो. "हं. आता दारापत्तुर चालून दावा." मी चाललो. "आता माघारी." माघारी वळतोय तोवर त्यांनी माझ्या पाठीमागं खाडकन टाळी वाजवली. माझ्या पोटात तीन बशा पोहे होते, त्यामुळं मी जागचा हललो नाही. "बुजत न्हाय," ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "चाल बी सरळ हाय. द्या उडवून बार." तुला माझ्यात काय आवडलं होतं, असं मी अजून कधी लाडात येऊन बायकोला विचारलं, तर ती म्हणते, "मला कुणी विचारलंय? तात्यांनी पास केलं, मी आले."

तात्यांनी, म्हणजे याच चुलतसासऱ्यांनी (बेंबळीत त्यांना लहानथोर सगळे तात्याच म्हणतात), उभा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली करण्यात घालवला. विकणारा एका गावचा, घेणारा दुसऱ्या गावचा, आणि मधे डोक्याला पटका गुंडाळून उभे तात्या. बैल कसा घ्यावा याचं त्यांचं एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राबाहेर जगात काहीही घेता येत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. दात बघायचे, कारण वयाच्या बाबतीत दातांशिवाय कुणी खरं बोलत नाही. जनावर उपाशीपोटी बघायचं, कारण विकणारे लेकाचे आदल्या दिवशी मीठ चारतात, वर पाणी पाजतात आणि टरटरीत पोटाचा बैल बाजारात उभा करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुंपून बघायचं. काही बैल दिसायला नुसते राजबिंडे, पण औताला लावले की भर शेतात फतकल मारून बसतात. असल्या बैलाला बाजारात 'बसका' म्हणतात, आणि तात्यांच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. आमचा मिक्सर त्यांच्या मते बसका आहे. बेंबळीची वीज बसकी आहे. त्यांचे एक व्याहीसुद्धा बसके आहेत, पण ते तात्या व्याह्यांदेखत म्हणत नाहीत.

आता अशा माणसाला चित्रं काढायचा नाद कसा लागला, तर तोही धंद्यातूनच. ज्या गिऱ्हाइकाला बाजाराला यायला सवड नसे, त्याच्यासाठी तात्या बैलाचं चित्र काढून घेऊन जात. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी पाठ आणि निळं बॉलपेन. पुढं मोबाईल आले, लोक म्हणू लागले, तात्या, फोटो पाठवा की. तात्या म्हणायचे, "फोटूत बैल दिसतो, बैलाचा ऐब दिसत न्हाय." त्यांच्या चित्रात तो दिसायचा. डावा खांदा तसूभर उतरलेला असेल तर चित्रातही तसूभर उतरलेला, नजर चोरटी असेल तर कागदावरचा बैलसुद्धा तुमच्याकडं न बघता बांधाकडं बघायचा. आपल्याच मालाचं वैगुण्य काढून दाखवणारा असला दलाल कुणी पाहिला नव्हता, म्हणून लोक डोळे झाकून त्यांच्यावर भरवसा ठेवत. हल्ली ट्रॅक्टरनं बाजार निम्म्यावर आणला. तात्याही सत्तरी ओलांडून घरी बसले. पण हात थांबला नाही. हातून गेलेला एकेक बैल आठवून आठवून काढायचा, लाल कंधारी, देवणी, खिल्लार, कुणाचा, कुठल्या बाजारात घेतलेला, सगळं तोंडपाठ. आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका दोनच महिन्यांत संपल्या. तेव्हापासून भाऊबंदांत कुणाचंही लग्न निघालं की तात्या आधी विचारतात, "पत्रिका एका बाजूनंच छापताव न्हवं?"

पण चित्रकार एकटा असून भागत नाही, परीक्षक लागतो. तो तात्यांच्या घरातच होता. आमच्या काकूंचं माहेर मेंढपाळांचं. कळपातलं कोकरू पाठमोरं बघून त्याची आई सांगणाऱ्या लोकांतली ती लेक. तात्या चित्र काढून काकूंपुढं धरत. काकू भाकरी थापता थापता एक नजर टाकत आणि निकाल देत. "मागला पाय गाढवाचा." "ह्यो बैल हाय का पोटुशी म्हैस?" "शेपूट कुठनं फुटलंय ह्याला, कानातनं?" तात्या फणफणत उठत, नवी पत्रिका घेत, पुन्हा काढत, पुन्हा आणत. असं तीनदा, चारदा. ज्या वेळी काकू बघून काहीच बोलणार नाहीत आणि दुसरी भाकरी घेतील, त्या वेळी चित्र पास. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी एकाही चित्राला चांगलं म्हटलं नाही. तात्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट गावात कुणी कौतुक केलं तर म्हणत, "तुमाला काय कळतंय? आमच्या मंडळींची शिवी खाऊन आलंय ते."

आणि एक दिवस काकू म्हणाल्या, "छान हाय."

तात्यांनी हे मला फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. मला आधी वाटलं घरात कुणी गेलं. "जावईबापू, ती छान म्हनली. काल बी म्हनली. आज तर म्या मुद्दाम बैलाला शेळीचं तोंड काढून दावलं, तरीबी म्हनती छान हाय. तिला दिसंना झालंय, जावईबापू. लाजंकाजं सांगंना कुनाला." आम्ही दुसऱ्याच दिवशी काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजलाय, झिजला तो परत येत नाही. कडेकडेनं दिसेल, मोठं दिसेल, उजेडात दिसेल, आणि आहे तेवढंही किती दिवस राहील ते सांगता येत नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कंदिलाच्या काचंला मधीच काजळी धरावी, तसं झालंय बगा," एवढंच म्हणाल्या. तात्या मात्र दवाखान्याच्या बाकावर असे बसले होते, की त्यांच्या पाठीमागं मी टाळी वाजवली असती तर ते पडले असते.

तिथून दोघं आमच्या घरी आले. जेवणं झाल्यावर बायकोनं काकूंची करमणूक म्हणून एका लग्नाचे फोटो लॅपटॉपवर लावले. काकूंनी लॅपटॉप ओढून घेतला, नाक अगदी काचेला लावलं, मान तिरकी केली, कोंबडी दाण्याकडं बघते तशी एका डोळ्यानं बाजूनं बघितलं आणि म्हणाल्या, "नवरीच्या नथीचा आकडा उलटा घातलाय. कुनी नटवलं म्हनायचं हिला?" आम्ही बघितलं. खरंच उलटा होता. तात्या ताडकन उठले. "चूक काढली! हिनं चूक काढली!" असं ओरडत त्यांनी आमच्या हॉलमध्ये दोन गिरक्या घेतल्या, आणि तिसऱ्या गिरकीला टीपॉय पडला. "जावईबापू, मला असली पाटी पायजे. आतनं उजेड असनारी. तिच्यावर लिवता यायला पायजे. कवा जायाचं?"

मी म्हटलं, "तात्या, तुमच्या चित्रांचे फोटो काढून लॅपटॉपवर मोठे करून दाखवू की."

त्यांनी माझ्याकडं कीव करत बघितलं. "आवं, तिनं चूक काढली की ती तिच्या डोळ्यांम्होरं मिटाया पायजे. पुन्यांदा फोटू काढंस्तवर ती धीर धरती व्हय? उठून जाती. आन् माज्याकडं दिवस किती हायत? डाक्टर काय बोलला, ऐकलं न्हवं तुमी?"

ऐकलं होतं. तेव्हापासून तात्या आणि मी पाटी शोधायला लागलो. म्हणजे शोधत मी होतो, तात्या नाकारत होते. चित्र काढायच्या पाट्यांमध्येही जाती असतात हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. पहिल्या जातीची पाटी म्हणजे नुसता काळा पत्रा, तिच्यावर काहीच दिसत नाही. पेन इथं फिरवायचं आणि चित्र समोर कॉम्प्युटरवर उमटतं. आमच्या ऑफिसातल्या एकाची तसली पाटी मी चार दिवसांसाठी मागून आणली. मला वाटलं तात्यांना जमायचं नाही. मला स्वतःला तिच्यावर धड टिंब काढता येईना. तात्या बसले, एकदा पटका सारखा केला, आणि समोर बघत झरझर बैल काढून मोकळे झाले. मी थक्क. ते म्हणाले, "त्यात काय? औत हाकताना हाताकडं कोन बगतंय? नजर म्होरंच असती." मी खूष झालो, स्वस्तात काम झालं म्हणून. पण काकूंना टेबलापुढं बसवलं तर त्यांची मान तिरकी होईना, नाक काचेपर्यंत जाईना, कंबर दुखायला लागली ती वेगळीच. "बगायची वस्तू वटीत पायजे बाई," त्या म्हणाल्या. तात्यांनी पत्रा मला परत दिला. "बैल हितं आन् दावन तितं. उपेग न्हाय."

दुसऱ्या जातीच्या पाटीवर चित्र दिसतं, पण शेपटीसारखी वायर लावून तिला सदा कॉम्प्युटरला बांधून ठेवावं लागतं. "ही तर कायमची दाव्यालाच," म्हणून तीही बाद. उरली तिसरी जात, जिच्या पोटातच सगळं असतं. पण त्यातही शंभर नमुने. मी मोबाईलवर एकेकाची माहिती वाचून दाखवायचो, आणि तात्या प्रत्येकाबद्दल एकच विचारायचे, "नांदतीया कुटं?" म्हणजे काय, तर दुकानातली वस्तू बघून काही कळत नाही, कुणाच्या तरी घरी ती दोन वर्षं नांदलेली बघायची. बैलाची चौकशी आधीच्या मालकाच्या शेजाऱ्याकडं करतात, त्यातलं हे. शेवटी माझ्या बायकोला आठवलं, की कळंबला एक बाई आहेत, लग्नाच्या ब्लाउजवर आरीवर्क करतात, आणि त्यांची नक्षी त्या असल्याच पाटीवर काढतात.

कळंबला आम्ही माझ्या मोटरसायकलवर गेलो. बाई कामात होत्या, पण तात्यांचा पटका बघून त्यांना वाटलं मोठी ऑर्डर आली, म्हणून चहा टाकला. तात्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "बाई, कामात बसती का हो ही?"

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "म्हणजे काम करताना मधेच बंद पडते का, असं विचारतायत."

"असं व्हय! पहिली घेतली होती ती लई बसायची बगा," बाई म्हणाल्या. झालं. बसण्याचं निघालं तसं त्यांना भरतं आलं. पहिल्या पाटीनं काय काय छळलं ते त्या सांगायला लागल्या. हात पुढं जायचा आणि रेघ मागनं रखडत यायची. हात टेकला की तळव्याच्याच रेघा उमटायच्या, मोर काढावा तर मोराच्या पोटात तळहात. तिचं पेन चार्ज करावं लागायचं, ते नेमकं मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मान टाकायचं. "आता ही बगा, तात्या. ही तळहात ओळखती. हात टेकला तरी मानत न्हाय, निस्त्या पेनाचंच ऐकती. दाबलं की रेघ जाड, हळू धरलं की बारीक. आन् पेनाला खायाला काय घालावं लागत न्हाय." तात्या ऐकता ऐकता असे डुलत होते, की कीर्तनात बसलेत असं वाटावं. परत येताना मागच्या सीटवरून मला दर दोन मैलांनी ऐकू येत होतं, "हाताची मालकी वळखनारी पायजे... रेघ रखडाया नको... पेन उपाशी चालनारं पायजे..." ढोकीजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा तर त्यांनी हे सगळं ट्रॅक्टरवाल्यालाही ओरडून सांगितलं. त्यानं "व्हय व्हय" म्हणून मान हलवली आणि बाजू दिली.

मग आम्ही सोलापूर गाठलं. मी, तात्या आणि काकू. दुकान चांगलं मोठं, काचेचं. मालक पन्नाशीचे, गोरेगोमटे, बोलायला गोड. त्यांनी चार पाट्या काचेवर मांडल्या. तात्यांनी प्रत्येक पाटी उचलून चारी कडांवरून बोट फिरवलं, पाठ थोपटली, उलटी केली, आणि "दात कुटं बगायचे हिचे?" असं विचारलं. मी खालचा बारीक अक्षरातला तयार झाल्याचा महिना दाखवला. त्यांतल्या एकीवर दोन वर्षांपूर्वीचा महिना निघाला. "जुळली की ही! कोरी म्हून इकाया लागलाव व्हय?" जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, वय झालेला बैल. मालकांनी ती पाटी मुकाट्यानं आत ठेवली. उरल्या तीन. तात्यांनी त्यांच्यामागं एकेक टाळी वाजवली. पाट्या बुजल्या नाहीत. मालक बुजले.

मग तात्यांचं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडं गेलं. बॅटरी पूर्ण भरलेली. झालं. "ही बगा, ही बगा, पानी पाजून हुबी केलीया! उपाशी करा हिला."

"आजोबा, म्हणजे काय करू?"

"पोट रिकामं हूद्या. मंग बगू कशी चालती."

मालकांना वाटलं थट्टा आहे. तात्यांनी पटका काढून बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि बैल काढायला बसले. सकाळचे आलेलो आम्ही, दुपारची जेवणं दुकानातच झाली. काकूंनी बांधून आणलेल्या भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. त्यातली अर्धी भाकरी मालकांनीही खाल्ली, कारण तोवर त्यांना तात्यांच्या हातातून उतरणारे बैल सोडून हलवेना. गिऱ्हाईक आलं की "जरा थांबा हो" म्हणून ते परत इकडं. दोन पाट्या पोट खाली गेल्यावर अडखळायला लागल्या, रेघ रखडायला लागली. "बसली! बसली! म्या म्हनलं न्हवतं?" तात्यांना परमानंद. तिसरी शेवटपर्यंत चालली. मालक म्हणाले, "मग ही बांधू?"

"तुमी बांधनारं कोन? पारख आजून व्हायची हाय," असं म्हणून तात्यांनी ती काकूंच्या ओटीत दिली.

काकूंनी मान तिरकी केली, बघितलं आणि म्हणाल्या, "छान हाय."

"बाद!" तात्या गरजले.

मालकांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "अहो, बाई चांगलं म्हणतायत की!"

"म्हून तर बाद." तात्यांचा चेहरा मात्र उतरला होता. काकूंच्या लक्षात आलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या की हो. कशाला एवढा खटाटोप. म्या बगितलं काय आन् न बगितलं काय." तात्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण पटका पुन्हा बांधताना तो त्यांच्या हातून दोनदा सुटला. मग मालकच आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. मोठ्या ताटाएवढी पाटी. "ही एकाची ऑर्डर होती, त्यानं नेली नाही. महाग आहे, म्हणून काढली नव्हती." तात्यांनी दात, पाठ, टाळी सगळं केलं. खोक्यात पडून असल्यानं तिचं पोट आधीच रिकामं होतं. मग मी काळ्या पाटीवर पिवळा रंग लावून दिला, उजेड पूर्ण वाढवला. तात्यांनी एक खिल्लार काढला, भर बाजारात मान उंच करून उभा. काकूंच्या ओटीत ठेवला. काकूंनी नाक काचेला लावलं. मान डावीकडं, मग उजवीकडं. दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा वाकून बघायला लागली.

"ह्यो खिल्लार?" काकू म्हणाल्या. "वशिंड हाय का पान्याची घागर ठिवलीया पाठीवर? आन् फुडला खूर बगा, बुटासारका. लाज न्हाय वाटत चार मानसांत दावाया?"

"हीच! हीच पाटी!" तात्या किंचाळले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंड हसतंय. रडत, हसत, ते पेन घेऊन वशिंड दुरुस्त करायला लागले, आणि काकू "खाली घ्या, आजून खाली, कळतंय का न्हाय" म्हणून ओरडत होत्या. मालकांनी डोळे पुसले. आपण नक्की कशासाठी रडतोय हे त्यांना माझ्या मते शेवटपर्यंत कळलं नाही.

सौदा व्हायचा होता. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल मालकांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात दाम तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगतात. हे मालकांना कुठून ठाऊक असणार? ते हात सोडवायला धडपडायला लागले. "अहो, कॅलक्युलेटरवर सांगा की आजोबा!" "गप ऱ्हावा. चारचौघांत दाम बोलत्यात व्हय?" तात्यांनी दोन बोटं दाबली, मालक कळवळले. तिसरं दाबलं, तेव्हा मालक म्हणाले, "कव्हर फुकट देतो, पेनाची टोकंही देतो, पण हात सोडा!" तात्यांनी हात सोडला, आणि विकल्या गेलेल्या बैलावर टाकतात तसा खिशातल्या पुडीतला गुलाल चिमूटभर पाटीवर टाकला. चार्जिंगच्या भोकात जायच्या आत मालकांनी तो फुंकरीनं उडवला, तो सगळा माझ्या शर्टावर आला. संध्याकाळी बेंबळीला पोचलो तर आमच्याआधी आत शिरलेल्या काकू भिंतीला धरत धरत तांब्या घेऊन उंबऱ्यात हजर. नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायांवर पाणी घालायचं असतं. तात्यांनी पाटी खाली आडवी धरली, चारी कोपरे पुढं करून. मी उडी मारून ती ओढून घेतली म्हणून बरं. पाणी माझ्या पायांवर पडलं. "चालंल," तात्या म्हणाले, "जावई बी घरचंच हाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी तात्यांचा फोन. नमस्कार नाही, खुशाली नाही. "आज सात!" म्हणजे काकूंनी सात चुका काढल्या. "आज नऊ, जावईबापू! निस्त्या शेपटीवर चार!" इतक्या चढ्या आवाजातली बातमी आमच्या घरात पगारवाढीचीही कधी आली नाही. आम्ही जेवायला बसलो की बायको विचारायची, किती? सगळे जुने बैल एकेक करून पाटीवर येत होते आणि शिव्या खाऊन पास होत होते. असे बरेच महिने गेले. मग आकडा उतरायला लागला. पाच. तीन. एक दिवस म्हणाले, "आज एकच. ती बी म्याच आटवून दिली तिला." मग चार दिवस फोनच आला नाही.

रविवारी आम्ही दोघं बेंबळीला गेलो. तात्या ओसरीवर पाटी घेऊन बसलेले. बायको काकूंकडं आत गेली. मी वाकून चित्र बघितलं. ठसठशीत पिवळ्या रेघांचा देवणी बैल, पण त्याला पाय पाच. शेजारच्या चित्रातल्या बैलाची शिंगं खांद्यातून निघालेली. ज्या माणसानं कधी तसूभर खांदा चुकवला नाही, त्याच्या हातचं हे. तात्यांनी माझा चेहरा बघितला आणि ओठांवर बोट ठेवलं. "बारीक चूक आता दिसत न्हाय तिला," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "म्हून मोट्या काढाया लागलो."

काकू चाचपडत बाहेर आल्या, बसल्या. तात्यांनी पाटी ओटीत दिली. नाक काचेला लावून त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मग बोटानं एकेक पाय चाचपत, "योक, दोन, तीन, च्यार... आवं! पाच? पाच पाय काडलाव व्हय? डोस्कं ठिकानावर हाय का तुमचं?"

"आगागागा, चुकलंच की," तात्या म्हणाले, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत त्यांनी पाचवा पाय पुसून टाकला.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. तात्या ओसरीवरच होते, नवा बैल सुरू झाला होता. काकूंनी माझा हात धरून मला जरा बाजूला घेतलं. "जावईबापू, त्यांचा हात गेला आता," त्या म्हणाल्या. "पाच पाय काढत्यात, शिंगं कुटंबी लावत्यात. पर तुमी बोलू नगा काय. मनाला लावून घेतील, सोडून देतील काढायचं. म्या हाय की चुका दावाया. म्या ऱ्हाईन बसून त्यांच्याजवळ."

मी बरं म्हणालो.